वाळवी लागली? आधी वाट शोधा: नाशिकच्या घरांसाठी मार्गदर्शक

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस पडून गेला की त्याच किंवा दुसऱ्या संध्याकाळी नाशिकमध्ये दिव्यांभोवती पंखांचे किडे जमतात. आपण दिवे मालवतो, खिडक्या लावतो, सकाळी पंखांचा कचरा झाडून टाकतो आणि विसरून जातो. ते किडे म्हणजे नवं बिऱ्हाड थाटायला निघालेली वाळवी. बहुतेक त्या रात्रीच पाली, बेडूक आणि पाखरांच्या पोटात जातात. एखादी जोडी पंख टाकते, ओल्या मातीत शिरते आणि तिथून नवी वसाहत सुरू होते. तुमच्या चौकटीला भोक पडेपर्यंत मध्ये काही वर्षं गेलेली असतात.

नाशिकमध्ये नव्याने घर घेतलेल्यांसाठी, भाड्याने राहायला आलेल्यांसाठी आणि वडिलोपार्जित वाड्याची जबाबदारी अचानक अंगावर आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे घरांचं नुकसान करणारी बहुतेक वाळवी राहते जमिनीत. लाकूड ही तिची चरायची जागा. त्यामुळे लाकडावर कितीही औषध मारलं तरी ती दुसरीकडून येते. उपाय करायचा तो मातीवर आणि तिच्या येण्याच्या वाटेवर.

तिच्याबद्दल तीन गोष्टी माहीत हव्यात

पहिली: तिचं अंग मऊ आणि कातडी पातळ. उघड्या हवेत ती सुकून मरते. म्हणून ती माती आणि लाळ कालवून बोगदे बांधते आणि त्यांच्या आतून चालते. भिंतीवर दिसणारी मातीची वेडीवाकडी रेघ म्हणजे तिचा हा झाकलेला रस्ता. जिथे ओल आहे तिथे तिचं निम्मं काम झालेलं असतं.

दुसरी: वसाहतीत सगळ्यांना स्वतःचं अन्न स्वतः मिळवता येत नाही. कामकरी वाळवी लाकूड खाऊन येते आणि राणीला, सैनिकांना, पिल्लांना तोंडाने भरवते. एकमेकींचं अंग चाटून साफही करते. कामकरी आंधळ्या असतात, त्यांचा सगळा कारभार वासावर आणि स्पर्शावर चालतो. औषध निवडताना हे फार उपयोगी पडतं, ते पुढे येईलच.

तिसरी: शेताच्या बांधावर दिसणारी उंच वारुळं मुंग्यांची, असं आपण सर्रास म्हणतो. ती बांधलेली असतात वाळवीने. नाग तिथे नंतर राहायला येतो, आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते यावरूनच असावं. ही वारूळ करणारी ओडोंटोटर्मिस जातीची वाळवी पोटात लाकूड पचवण्याच्या भानगडीत पूर्णपणे पडत नाही. चावलेल्या लाकडाचे गड्डे करून त्यांवर बुरशी वाढवते आणि ती खाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, लोक हौसेने भाजी करून खातात ती अळंबी याच बुरशीची. सगळ्याच वसाहतींना वर वारूळ नसतं. शहरात तर ती बहुधा जमिनीखालीच असते, पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली किंवा शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये. राणी शोधून मारण्याचा नाद म्हणूनच करू नये.

जाता जाता, वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात, पण तिचं जवळचं नातं झुरळाशी आहे.

पायरी 1: वाळवीच आहे ना, हे ठरवा

पंखांचे किडे दिसले तर एक काडेपेटीत धरून ठेवा आणि उजेडात पाहा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर सरळ, मिशा मण्यांच्या माळेगत सरळ. उडणाऱ्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर चिमटलेली, मिशा कोपरात वाकलेल्या. किडे खिडकीतून दिव्याकडे आले असतील तर काळजी नको, ते बाहेरचे आहेत. पण घरातल्याच एखाद्या फटीतून, स्कर्टिंगमागून किंवा चौकटीच्या बुडातून ते बाहेर पडताना दिसले, तर वसाहत घराखाली किंवा अगदी लगत आहे. ती जागा लगेच खडूने खुणावून ठेवा. तासाभरात सगळं शांत होतं आणि नंतर नेमकी फट सापडत नाही.

लाकडातून बारीक पिठूळ भुगा पडत असेल आणि वर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर ती वाळवी नाही, लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे. त्याला जमिनीतल्या औषधाने काही होत नाही, लाकडावरच उपचार करावा लागतो. जुन्या बाजारातून आणलेल्या पलंग-टेबलाखाली खसखशीएवढे कोरडे, कडांचे दाणे साचत असतील तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. ती मातीशी संबंध न ठेवता त्या फर्निचरमध्येच राहते. आपल्याकडे घरांत तिचा उपद्रव तुलनेने कमी. सापडली तर ती वस्तू बाहेर काढून स्वतंत्र उपचार करून घ्या, अख्खं घर खोदू नका.

जमिनीतल्या वाळवीची खूण म्हणजे माती. खाल्लेल्या लाकडाच्या आत मातीचा लेप असतो आणि ती रेषांच्या दिशेने, मऊ भाग आधी खाते. वरचा रंगाचा किंवा पॉलिशचा पापुद्रा तसाच राहतो. दार बाहेरून नवंकोरं दिसतं आणि बिजागरीचा स्क्रू हाताने ओढला की लाकडासकट बाहेर येतो.

पायरी 2: घर फिरा आणि वाट शोधा

एक टॉर्च, एक स्क्रू ड्रायव्हर आणि खडू घ्या. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने लाकूड ठोकत जा. भरीव आवाज बदलून पोकळ झाला की टोक हलकेच टोचून पाहा.

सुरुवात बाहेरून करा. प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, सर्व बाजूंनी जमिनीपासून वर चढणारी मातीची रेघ आहे का पाहा. कुंड्या, जुन्या फरशा, सरपण, टेकवून ठेवलेली शिडी हलवून त्यांच्या मागे पाहा, कारण वाट असते ती अशाच आडोशाला. मग आत या. दाराच्या चौकटीचा जमिनीलगतचा वीतभर भाग, बाथरूमच्या दुसऱ्या बाजूची भिंत, किचनच्या सिंकखालचं कपाट, भिंतीत बसवलेलं फडताळ आणि त्याची मागची फळी, मीटरबोर्डाचं लाकूड, पोटमाळ्यावरची खोकी, भिंतीला चिकटून असलेल्या पलंगाचा तळ. मोड्युलर किचन असेल तर खालची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, बहुधा ओढून काढता येते. ती काढून आत टॉर्च मारा. नव्या फ्लॅटमध्ये मला सगळ्यात जास्त धास्ती त्या जागेची वाटते: अंधार, ओल, पार्टिकल बोर्ड, आणि वर्षानुवर्षं तिथे कोणी डोकावत नाही.

‘आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, आम्हाला कशी वाळवी लागेल?’ हा प्रश्न हमखास येतो. लागते. पाइपांच्या डक्टमधून, वायरिंगच्या नळ्यांतून, भिंतीच्या आतल्या फटींतून ती वर चढते. अशा वेळी एकट्या तुमच्या फ्लॅटमध्ये केलेला उपचार अपुरा पडतो, तळमजला आणि डक्ट यांचाही विचार सोसायटीला करावा लागतो. मीटिंगमध्ये हा विषय काढायला फोटो घेऊन जा. नुसत्या तोंडी सांगण्याने पैसे मंजूर होत नाहीत.

मातीची रेघ दिसली की पुसायची घाई करू नका. पेस्ट कंट्रोलवाल्याला वाट दिसायला हवी. तोवर एक छोटी परीक्षा घ्या: रेघेचा दोन बोटांएवढा तुकडा मधून काढा आणि दोन दिवस थांबा. बुजवलेला दिसला तर वाट चालू आहे. तसाच उघडा राहिला, तरी वाळवी गेली असं धरू नका, तिने दुसरी वाट धरली असण्याची शक्यता असते.

सापडलेल्या सगळ्या जागा घराच्या साध्या आराखड्यावर खुणावा. वहीच्या कागदावर हाताने काढलेला चालेल.

पायरी 3: ओल तोडा

हे काम स्वस्त आहे आणि नेमकं हेच लोक टाळतात. नहाणीच्या फरशीचे सांधे उघडे असतील तर व्हाइट सिमेंट किंवा टाइल ग्राउट भरून घ्या. गळका नळ, कुलरचं आणि एसीचं भिंतीलगत ठिबकणारं पाणी, छपराच्या पन्हाळीचं प्लिंथवर पडणारं पाणी, हे सगळं घरापासून दूर काढा. भिंतीला लागून केलेला फुलझाडांचा वाफा दिसायला छान असतो, पण त्यात रोज पाणी घालणं म्हणजे वाळवीला पायघड्या घालणं. माती प्लिंथच्या खाली राहिली पाहिजे. बागेत भर घालता घालता ती दाराच्या उंबऱ्यापर्यंत आली असेल तर उपसा.

नाशिकमध्ये काळ्या मातीवर बांधलेल्या घरांना आणखी एक त्रास आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळते. घराभोवतीचा सिमेंटचा कट्टा त्यामुळे भिंतीपासून सुटतो आणि मध्ये बोटभर फट पडते. पाणी आणि वाळवी दोन्ही तिथूनच आत जातात. पावसाळ्याआधी ती फट दरवर्षी बुजवा.

अंगणात जमिनीवर पडलेलं सगळं लाकूड उचला. बांधकामानंतर पुरून टाकलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या, पुठ्ठे, झाडाचा तोडलेला बुंधा. मिस्त्री लोक फरशीखालच्या भरावात लाकडाचे तुकडे सोडून जातात, त्यांना ती क्षुल्लक गोष्ट वाटते.

पायरी 4: जमिनीला औषध

आधी काय करू नये ते. रॉकेल, डिझेल, मिठाचं पाणी, झुरळांचा स्प्रे हे सगळं दिसणाऱ्या वाळवीला मारतं, वसाहतीला धक्काही लागत नाही. रॉकेल-पेट्रोलने आगीचा धोका वर. कडुनिंबाच्या तेलाचा थोडाफार उपयोग लाकडाच्या पृष्ठभागावर होतो, पण चालू असलेली वाळवी त्याने थांबते असं समजून वेळ घालवू नका.

औषधं ढोबळमानाने दोन प्रकारची. बायफेन्थ्रिनसारखी काही औषधं वाळवीला दूर ठेवतात. वास लागताच ती मागे फिरते. मातीतला औषधाचा पट्टा अखंड असेल तर चांगलं, पण मध्ये बोटभर जागा सुटली की ती बरोबर तिथून आत येते. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल यांचा मात्र तिला पत्ता लागत नाही. ती त्या मातीतून चालते, अंगाला औषध घेऊन जाते आणि लगेच मरत नाही. मग भरवण्या-चाटण्यातून ते इतरांपर्यंत पोहोचतं. राहत्या घरात मी दुसऱ्या प्रकाराला पसंती देतो. क्लोरपायरिफॉस अजूनही भरपूर वापरलं जातं, स्वस्त पडतं, पण त्याचा वास उग्र, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याच्या काळजीने युरोपीय संघाने 2020 मध्ये त्याला बंदी केली. लहान मूल असलेल्या घरात फरशीखालीही ते नको, असं माझं मत. क्लोरडेन, आल्ड्रिन या जुन्या औषधांवर तर आपल्याकडेच बंदी आहे. कोणी ‘जुना माल आहे, जालीम आहे’ म्हणून काढला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

राहत्या घरात काम कसं व्हायला हवं, त्याचं भारतीय मानक आहे: आयएस 6313, भाग 3. त्यातल्या मुख्य गोष्टी लक्षात ठेवा म्हणजे काम समोर होत असताना तुम्हाला कळेल. भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यातून 12 मिलिमीटर व्यासाची भोकं, एकमेकांपासून 30 सेंटिमीटरवर, खालच्या मातीपर्यंत पोहोचतील इतकी खोल. प्रत्येक भोकात माती घेईल तितकं, जास्तीत जास्त 1 लिटर मिश्रण. बाहेरच्या बाजूला सिमेंटचा कट्टा असेल तर भिंतीलगत तशीच भोकं आणि दर धावत्या मीटरला 2.25 लिटर. तळमजल्यावर वीटकामात प्लिंथच्या उंचीवर 45 अंशांत खाली उतरणारी भोकं. शेवटी सगळी भोकं सिमेंटने बंद.

आता हिशेब करा. 10 बाय 12 फुटांच्या खोलीचा घेर 44 फूट, म्हणजे साधारण 13.4 मीटर. भोकं झाली 45च्या आसपास, मिश्रण 45 लिटरपर्यंत. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असेल तर पाण्याच्या दर लिटरला 2.1 मिलिलिटर, म्हणजे एका खोलीला सुमारे 95 मिलिलिटर मूळ औषध. दोन तासांत तीन खोल्यांचं काम उरकून, दहा लिटरच्या पंपाची एकच टाकी संपवून निघालेला माणूस काय करून गेला असेल ते यावरून ताडता येतं. भोकात मिश्रण सावकाश मुरावं लागतं, तिथे घाई चालत नाही.

काम द्यायच्या आधी इतकं विचारा: कीटकनाशक कायदा 1968 खालचा परवाना आहे का, औषधाचं नाव आणि टक्केवारी कोटेशनवर लिहाल का, सीलबंद डबा माझ्यासमोर फोडाल का, भोकांतलं अंतर किती ठेवाल. वॉरंटी पाच वर्षांची म्हणतात तेव्हा तिच्यात काय येतं ते वाचा. बहुतेक वेळा फक्त पुन्हा औषध मारून देण्याचं आश्वासन असतं, खराब झालेल्या लाकडाची भरपाई नसते, आणि मध्ये फरशी बदलली की वॉरंटी संपते.

ड्रिल चालू होण्याआधी दडवलेल्या वायरी आणि पाण्याच्या लाइन कुठून जातात ते खुणावून द्या. विहीर किंवा बोअरवेल जवळ असेल तर ते आधीच सांगा, त्या भागात मातीत औषध सोडायचं नाही. पिण्याचं पाणी, धान्याचे डबे, मुलांची खेळणी दुसऱ्या खोलीत. माशांची टाकी झाकून उपयोग नाही, ती घरातून बाहेरच ठेवा, यांतली बरीच औषधं माशांना फार घातक. गरोदर बाई, तान्हं बाळ, दम्याचा त्रास असलेलं माणूस यांना त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवा. खिडक्या उघड्या ठेवा, सांडलेलं लगेच पुसा. रिकामा डबा भोकं पाडून निकामी करा, कोणाच्या हाती पाणी भरायला जाऊ देऊ नका. डब्यावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण पाहायला शिका: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. काही झालं तर डॉक्टरांकडे जाताना लेबल सोबत न्या. उपचार कोणत्या औषधाने बाधा झाली त्यावर ठरतो.

पायरी 5: मग लाकडाकडे या

जमिनीचं काम झाल्यावर लाकूड उघडा. भुसभुशीत भाग काढून टाका. चौकट थोडीच खाल्लेली असेल तर सुतार बुडाचा तुकडा कापून सांधा देतो. त्या तुकड्याला आणि भिंतीत जाणाऱ्या बाजूला सुतार डांबर लावतात, ती पद्धत चांगली आहे, सोडू नका. उरलेल्या लाकडाला बारीक, खाली उतरती भोकं पाडून तेलात मिसळलेलं वाळवीरोधक भरतात आणि भोकं लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवतात. आधी पॉलिश आणि मग औषध असा उलटा क्रम झाला तर औषध आत मुरतच नाही.

नवीन लाकूड घेताना सगळे ‘सागवान आहे ना?’ एवढंच विचारतात. सुरगाणा-पेठ पट्ट्यातला असो की बाहेरून आलेला, सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात आहे. सालीलगतचा फिकट भाग वाळवी आवडीने खाते. फळीच्या कडेला तो पिवळट पट्टा मोठा दिसला तर भाव कितीही चांगला असला तरी चौकटीसाठी घेऊ नका. शिसम चांगला. आंबा, सावर, पाइन, रबरवुड यांना उपचाराशिवाय जमिनीजवळ वापरू नये.

प्लायवूडचा गोंधळ त्याहून मोठा. दुकानदार ‘710 आहे, मरीन आहे, काही होणार नाही’ म्हणतो. आयएस 710, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाची शीट, तिची खरी ताकद गोंदात, उकळत्या पाण्यातही तो सुटत नाही. तुम्हाला हवी आहे ती वाळवी-भुंगेऱ्याविरुद्ध कारखान्यातच प्रक्रिया केलेली शीट, आणि तसं तिच्यावर व बिलावर लिहिलेलं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड जमिनीला टेकवू नका. मोड्युलर किचनला पीव्हीसीचे पाय लावून पट्टी निघती ठेवायला सांगा. बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट हल्ली सर्रास बसवतात. दिसायला कोणाला आवडो न आवडो, निर्णय शहाणा आहे.

बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण कच्च्या, रंग न दिलेल्या लाकडात चांगलं मुरतं आणि माणसाला तुलनेने कमी त्रासदायक. पण पाण्याने ते धुऊन जातं. कपाटाच्या आतल्या फळ्यांना ठीक, पावसात भिजणाऱ्या फाटकाला नाही.

घर बांधत असाल तर

एकदाच मिळणारी संधी आहे, सोडू नका. आयएस 6313 भाग 2 प्रमाणे पायाच्या खड्ड्याच्या तळाला आणि प्लिंथच्या भरावाच्या वरच्या पृष्ठभागाला दर चौरस मीटरला 5 लिटर, पायाच्या भिंतींलगतच्या उभ्या मातीला दर चौरस मीटरला 7.5 लिटर मिश्रण लागतं. 1000 चौरस फुटांच्या प्लिंथला फक्त वरच्या थराला सुमारे 465 लिटर. क्लोरपायरिफॉस 20 टक्के वापरत असतील तर ते एकास एकोणीस पाण्यात मिसळून 1 टक्का करायचं, म्हणजे 23 लिटरच्या वर मूळ औषध. पाच लिटरचा एक कॅन घेऊन आलेल्या माणसाला हा हिशेब दाखवा. काम पावसात किंवा चिखलात करू नये, आणि औषध मारलेली माती नंतर प्लंबरने खोदली तर तेवढ्या जागेत पुन्हा मारावं लागतं. बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांनी हे काम झाल्याचा कागद मागावा.

जुन्या वाड्यात राहत असाल तर

पंचवटी, भद्रकाली, सराफ बाजार, तिवंधा या भागांतले वाडे ज्यांनी बांधले त्यांना वाळवी चांगली ठाऊक होती. खांब कधी मातीत रोवला नाही, दगडाच्या तळखड्यावर उभा केला. मातीतून निघालेली वाळवी दगडावरून उघड्यावर चढताना नजरेला पडायची आणि घरची बाई झाडताना ती रेघ मोडायची. मग कधीतरी शेणाच्या जमिनीवर शहाबादी आली, शहाबादीवर टाइल्स आल्या, जमीन वर उचलली गेली आणि तळखडा फरशीखाली गाडला गेला. आता खांबाचं लाकूडच फरशीच्या ओलीला टेकलं आहे. नूतनीकरण करणार असाल तर खांबाभोवतीची फरशी वितभर कापून तळखडा मोकळा करा. औषधाइतकाच त्याचा उपयोग होतो.

नदीकाठच्या वाड्यांत 2008, 2016 आणि 2019 च्या पुरांचं पाणी शिरलं होतं. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या किती अंगाला पाणी लागलं यावर आपण पूर मोजतो, पण भिंत त्यानंतर किती महिने ओली राहिली हे कोणी मोजत नाही. पूर ओसरल्यावर फडताळं रिकामी करून दारं उघडी ठेवा आणि पुढचं वर्षभर त्या उंचीपर्यंतचं लाकूड दर दोन महिन्यांनी ठोकून पाहा.

वाड्यात एक गोष्ट स्वतः करू नका. तुळई किंवा खांब पोकळ वाटला तर आधी टेकू, मग तपासणी. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. मातीच्या भिंतीत पंपाने भरमसाट मिश्रण सोडलं तर भिंतच ढासळण्याची भीती असते, तेही वाड्यांचं काम केलेल्या माणसाकडूनच करून घ्या. पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस आली की सगळे मालकीच्या वादात गुंततात आणि कडीपाटाकडे, म्हणजे लाकडी छताकडे, कोणी मान वर करून पाहत नाही.

मळ्यातलं घर

द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, जुनी खोडं, बांबू भिंतीला टेकवून रचू नका. सिमेंटच्या ठोकळ्यांवर, घरापासून लांब रचा. झाडांच्या खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, ही छाटणीनंतर तुमच्याकडे तयार होतेच, ती आंब्या-चिकूच्या बुंध्यालाही लावा. बुंध्यावरचा मातीचा लेप बहुधा मेलेल्या सालीसाठी असतो, त्याने मोठं झाड लगेच मरत नाही. कोवळ्या रोपाचं मात्र बघायला हवं. लांबच्या बांधावरचं वारूळ फोडू नका. तिथली वाळवी पालापाचोळ्याची माती करते आणि नागपंचमीला पूजाही तिथेच व्हायची असते.

भाड्याचं घर

खर्च मालकाचा, खबर देणं तुमचं काम. फोटो तारखेसकट व्हॉट्सॲपवर पाठवा. तुमची पुस्तकं आणि कागदपत्रं झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा. डांबरगोळ्यांनी वाळवी जात नाही.

वर्षाकाठी

मेमध्ये कट्ट्याच्या फटी बुजवा. जूनमध्ये पंखांचे किडे कुठून निघतात याकडे लक्ष ठेवा. पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की टॉर्च घेऊन पूर्ण फेरी मारा, कारण पावसाळाभर ओलीत वाळवीने काय केलं ते तेव्हा दिसतं. थंडीत ती खोल जाते, रेघा सुकलेल्या दिसतात, म्हणून जानेवारीत ‘गेली एकदाची’ असं म्हणू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाथरूमलगतच्या चौकटी पुन्हा ठोकून पाहा.

पायरी 2 मध्ये काढलेला तो आराखडा फेकू नका. त्यावर औषधाचं नाव, टक्केवारी, तारीख आणि भोकं कुठे पाडली ते लिहून विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये लावा. पुढे कधी फरशी बदलायला काढाल किंवा दुसरा पेस्ट कंट्रोलवाला बोलवाल तेव्हा कोणत्या भिंतीचा पट्टा तुटणार आहे आणि कुठे नव्याने औषध भरायचं आहे, हे त्याला त्या कागदावरून दाखवता येईल.